जाळ्यात आलेले कासव : कोकण किनाऱ्यावरील सुटकेचा इतिहास

मासे धरण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात किंवा गळाला कासव लागणे ही कोकणच्या किनाऱ्यावर कधीच नवलाची गोष्ट नव्हती. मात्र अशा कासवाचे पुढे काय होई, त्याला कोण सोडी आणि त्या सुटकेचा खर्च कोणाच्या अंगावर पडे, या प्रश्नांची उत्तरे गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ बदलली आहेत. कासव-संवर्धनाचा इतिहास बहुधा कायदे, अभयारण्ये आणि वाळूतील घरटी यांच्या अंगाने सांगितला जातो. त्यात होडीवरचा माणूस एक तर गुन्हेगार म्हणून येतो किंवा नंतर सुधारलेला शिष्य म्हणून. वस्तुतः भर समुद्रात अडकलेल्या कासवाची सुटका करणे केवळ त्याच्याच हातात होते आणि आहे, आणि त्या सुटकेचा इतिहास मुख्यतः जाळ्याच्या किमतीचा इतिहास आहे.

भारतीय समुद्रात कासवांच्या पाच जाती आढळतात : ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल, लॉगरहेड आणि पाठीवर कठीण कवचाऐवजी चामड्यासारखे आवरण असणारे लेदरबॅक. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यासाठी नियमितपणे येते ते प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले, तर हिरवी कासवे किनाऱ्याजवळच्या पाण्यात चरण्यासाठी येतात. ऑलिव्ह रिडलेची मादी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूवर चढते, सुमारे फूट-दीड फूट खोल खड्डा करून त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि परत जाते. त्या आधीचे आणि नंतरचे कित्येक दिवस मात्र ती किनाऱ्यालगतच्या पाण्यातच वावरते, आणि नेमक्या याच पट्ट्यात, पावसाळ्यानंतरच्या शांत समुद्रात, मासेमारी ऐन भरात असते. येथे एक शारीरिक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. कासव पाण्यात राहत असले तरी ते फुप्फुसाने श्वास घेते. स्वेच्छेने बुडी मारलेले कासव अर्धा-पाऊण तास सहज पाण्याखाली राहू शकते, परंतु जाळ्यात सापडून धडपडणाऱ्या कासवाचा प्राणवायू फार लवकर संपतो. म्हणून कासव कोणत्या साधनात अडकले आणि ते साधन किती वेळाने वर काढले गेले, यावरच त्याचे जगणे अवलंबून असते.

या कसोटीवर जुनी साधने पाहिली, तर त्यांतील काही कासवाला पुष्कळच सुसह्य होती असे म्हणावे लागते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील रापण हे याचे उत्तम उदाहरण. रापण म्हणजे होडीने अर्धवर्तुळात सोडलेले व दोन्ही टोकांना किनाऱ्यावरून दहा-वीसच नव्हे तर कधी त्याहून कितीतरी अधिक माणसांनी मिळून ओढायचे प्रचंड जाळे. त्यात कासव आले तर ते माशांबरोबर जिवंतच वाळूवर येई. त्याला सोडण्यासाठी काही कापावे लागत नसे. चार माणसांनी उचलून पाण्याकडे तोंड करून ठेवले की काम संपे. गळाची, म्हणजे कोकणात जिला गरी म्हणतात तिची गोष्टही फारशी वेगळी नव्हती, कारण हातातल्या दोरीला लागलेले जड ओझे गरवणाऱ्याला लगेच कळत असे. उत्तर कोकणातले डोल जाळे मात्र निराळे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधून ठेवलेले हे लांबलचक शंकूच्या आकाराचे जाळे प्रवाह बदलेपर्यंत पाण्यातच राही आणि त्याच्या टोकाशी गेलेल्या कासवाला वर येण्यास वाटच नसे. ही सगळी जाळी सुताची किंवा तागासारख्या धाग्याची असत, पाण्याने कुजत, सतत वाळवावी आणि तुणावी लागत, आणि त्यांच्या विरलेल्या भागातून ताकदवान कासव कधी कधी स्वतःच वाट काढी.

कासव सोडून देण्यामागे श्रद्धाही होती. कूर्म हा विष्णूचा दुसरा अवतार, आणि महाराष्ट्रातील असंख्य शिवमंदिरांत नंदीसमोर किंवा सभामंडपाच्या फरशीत कोरलेले कासव असते. जाळ्यात आलेल्या कासवाला देव मानून, हळद-कुंकू वाहून पाण्यात सोडण्याची रीत अनेक मच्छीमार घरांत होती. या श्रद्धेचे फार गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. जिवंत कासव हात जोडून समुद्रात सोडणाऱ्या त्याच किनाऱ्यावर त्याची अंडी उकरून खाल्ली आणि विकलीही जात होती, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नसे. देवत्व पाठीवर कवच असलेल्या प्राण्याला होते, वाळूतल्या पांढऱ्या गोल अंड्याला नव्हते. सुटकेची प्रथा टिकली याचे एक कारण श्रद्धा असेल; दुसरे, तितकेच महत्त्वाचे कारण असे, की त्या काळी सोडून देण्यास फारसे काही मोजावे लागत नव्हते.

ही घडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विस्कटली. १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत होड्यांना यंत्रे बसली, सुताची जागा नायलॉनने घेतली आणि तळ खरवडत जाळे ओढणारे ट्रॉलर आले. नायलॉनचे जाळे कुजत नाही, हलके असते, पाण्यात दिसत नाही आणि कासवाच्या ताकदीने तुटत नाही. पाण्यात उभ्या भिंतीसारखे सोडलेले जाळे, ज्याच्या आसात, म्हणजे दोन गाठींमधल्या मोकळ्या घरात, मासा कल्ल्यापाशी अडकतो, ते कासवाच्या दृष्टीने विशेष घातक ठरले. कारण पुढचा वल्ह्यासारखा पाय एका आसात गेला की सुटण्यासाठी ते गरगर फिरते आणि प्रत्येक फेऱ्यासरशी आणखी काही हात जाळे स्वतःभोवती गुंडाळून घेते. ट्रॉलरचे जाळे तर दोन-दोन, तीन-तीन तास तळाशी ओढले जाते. ओढ तासाभराच्या पुढे गेली की आत सापडलेल्या कासवांच्या मृत्यूचे प्रमाण झपाट्याने वाढते, असे अमेरिकेतील अभ्यासांत दिसून आले आहे.

यांत्रिक मासेमारीविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी दिलेला लढा याच काळातला. गोव्यातील रापणकारांचे आंदोलन १९७०च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले, आणि महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ साली आला. त्यात किनाऱ्याजवळचे पाणी लहान होडीवाल्यांसाठी राखण्याचा विचार होता, माशांच्या विणीचा विचार होता. कासवाचा विचार ओघानेही नव्हता. पश्चिम किनाऱ्यावर आज पाळली जाणारी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते, म्हणजे कासवे अंडी घालण्यासाठी किनाऱ्याशी येतात ते महिने तिच्या बाहेरच राहतात. ओडिशात धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांसमोर १ नोव्हेंबर ते ३१ मे अशी बंदी खास कासवांसाठी असते, हे पाहिले म्हणजे हा फरक ठळकपणे लक्षात येतो.

हा फरक पडण्याचे कारण उघड आहे. ओडिशातील गहिरमाथा येथे एकाच वेळी हजारो माद्या वाळूवर येतात, हे १९७४ साली शास्त्रीय जगापुढे आले आणि देशाचे सगळे लक्ष पूर्व किनाऱ्याकडे वळले. १९९७ साली गहिरमाथा सागरी अभयारण्य घोषित झाले. कोकणात मादी एकटीदुकटी येते, एका किनाऱ्यावर एका हंगामात काही मोजकी घरटी होतात, त्यामुळे येथे कासवे येतात हेच पुष्कळांच्या गावी नव्हते. कायद्याने मात्र दोन्ही किनारे सारखेच होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे समुद्री कासवांना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, स्थान मिळाले आणि त्यांची शिकार तीन ते सात वर्षांच्या कारावासास पात्र ठरली. या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पकडणेही येते. तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, जाळ्यात कासव हेतुपुरस्सर घेतलेले नसते ही गोष्ट कोणताही समंजस माणूस मान्य करील. परंतु बंदरावर ती कोणापुढे सिद्ध करायची, या भीतीने मच्छीमारांनी कासव सापडल्याचे सांगणेच सोडले. जिवंत असले तर गुपचूप सोडायचे, मेलेले असले तर गुपचूप टाकायचे. कायद्याचा हेतू थोर होता, तरी त्याचा एक परिणाम असा झाला की अडकलेल्या कासवांची कोणतीही नोंद राहिली नाही, आणि त्या काळात किनाऱ्यावर वाहून आलेल्या कासवांच्या मृत्यूचे कारण अंदाजानेच सांगावे लागले.

कोकणात कासवाला नाव आणि पत्ता मिळाला तो किनाऱ्यावरून. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या घरट्यांचा अभ्यास करत असताना त्यांना मंडणगड तालुक्यातील वेळास येथे अंडी चोरीला गेलेले कासवाचे घरटे दिसले, आणि २००२ पासून तेथे घरट्यांचे संरक्षण सुरू झाले. पहाटे वाळूवरच्या खुणा शोधून अंडी कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरायची आणि पन्नासेक दिवसांनी बाहेर आलेली पिल्ले समुद्राकडे सोडायची, असे हे काम. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, घरच्या जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे गावात राहू लागले. पुढे आंजर्ले, गुहागर आणि इतर अनेक किनाऱ्यांवर वनविभागाने आणि कांदळवन कक्षाने स्थानिक कासवमित्र नेमले. या कामाचे मोल फार मोठे आहे. पण ते वाळूच्या कडेला संपते. सोडलेल्या पिल्लांपैकी फारच थोडी प्रौढ होतात, आणि जी होतात त्यांना अंडी घालण्यास परत येताना त्याच जाळ्यांच्या भिंती ओलांडाव्या लागतात. एक प्रौढ मादी जाळ्यात मेली तर तिच्या जागी दुसरी उभी राहण्यास किती घरटी जपावी लागतील, याचा विचार केला म्हणजे समुद्रातल्या सुटकेचे महत्त्व कळते.

समुद्रातील सुटकेचे तंत्र जगात इतरत्र आधीच विकसित होत होते, आणि त्याचा उगमही प्रयोगशाळेत नव्हता. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील सिंकी बून या कोळंबी पकडणाऱ्याने जाळ्यात येणारे जेलीफिश बाहेर टाकण्यासाठी एक सळ्यांची जाळी बनवली होती. तिच्यातून कासवेही निसटतात असे दिसून आले. ट्रॉलरच्या जाळ्याच्या गळ्याशी तिरपी बसवलेली सळ्यांची चौकट, सळ्यांमध्ये चार इंचांपेक्षा कमी अंतर आणि चौकटीला लागून एक झडप, अशी ही रचना असते : कोळंबी सळ्यांमधून मागे जाते, कासव चौकटीवर आदळून झडपेतून बाहेर पडते. या साधनाला टेड असे संक्षिप्त नाव पडले. १९८७ साली अमेरिकेने आपल्या कोळंबी-बोटींवर ते सक्तीचे केले आणि १९८९च्या कायद्याने, टेड न वापरणाऱ्या देशांतील समुद्री कोळंबीची आयात रोखण्याची तरतूद केली. त्याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. १९९८ साली अपील मंडळाने निर्णय दिला, की कासव वाचवण्याचा हेतू मान्य आहे, पण अमेरिकेने कायदा राबवताना देशादेशांत भेदभाव केला. भारताने हा वाद बऱ्याच अंशी जिंकला. जाळ्यांत मात्र बदल झाला नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय बोटींना साजेसे टेड तयार केले, तरी कोळंबीबरोबर मोठे मासेही झडपेतून निसटतील या भीतीने ते बंदरोबंदरी नाकारले गेले, आणि २०१९पासून भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेची बाजारपेठ बंद झाली. ज्याचे पैसे जाणार त्याच्याशी आधी बोलणी केली नाहीत तर चांगले साधनही गोदामात पडून राहते, हे यातून दिसते.

गळाच्या बाबतीत सुधारणा अधिक सोपी निघाली. मैलोन्‌मैल दोरीवर शेकडो गळ बांधून केलेल्या मासेमारीत कासव आमिष गिळते आणि इंग्रजी जे अक्षरासारखा गळ त्याच्या अन्ननलिकेत रुततो. ज्याचे टोक आत, दांड्याकडे वळलेले असते असा गोलाकार गळ मात्र बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. अटलांटिकच्या वायव्य भागात २००१ ते २००३ या काळात झालेल्या प्रयोगांत मोठे गोलाकार गळ आणि आमिष म्हणून बांगड्याच्या कुळातील मासा वापरल्यावर कासवे लागण्याचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात घटले आणि २००४ साली अमेरिकेने तेथील बोटींना असे गळ सक्तीचे केले. हौशी गरवणाऱ्यांनाही लागू पडतील असे काही नियम या अभ्यासांतून रूढ झाले : गळ लागलेले कासव दोरीने वर उचलायचे नाही, कारण सगळे वजन जखमेवर येते, ते झेल्याने उचलायचे, गळ तोंडाशी दिसत असेल तर काढायचा, गिळलेला असेल तर उपटायचा नाही, दोरी मात्र शक्य तितकी गळाजवळ कापायची, कारण पोटात गेलेली लांब दोरी आतड्यांना गोळा करून मारते. जेट्टीवर आणि खडकांवर बसून गरवणाऱ्यांची संख्या कोकणातही वाढते आहे, आणि या साध्या गोष्टी त्यांच्यापर्यंत अजून पुरेशा पोहोचलेल्या नाहीत.

महाराष्ट्रातील निर्णायक वळण शेजारच्या गुजरातमधून आले. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर देवमाशाएवढा वाढणारा बहिरी मुशी, म्हणजे व्हेल शार्क, मोठ्या प्रमाणात मारला जाई. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २००४ पासून कथाकार मोरारी बापूंच्या आवाहनासह तेथे जनजागृतीची मोहीम झाली. पण मासा सोडायचा तर जाळे कापावे लागते, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई गुजरातच्या वनविभागाने देऊ केली तेव्हा ती मोहीम खऱ्या अर्थाने रुजली. याच धर्तीवर डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी संयुक्त योजना आणली. संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडला तर होडीमालकाला नुकसानीच्या प्रमाणात, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेची छायाचित्रे किंवा चित्रफीत जोडावी लागते.

या दोन गोष्टी, भरपाई आणि चित्रण, यांनी प्रथेचे स्वरूपच पालटले. कासव जाळ्यासह होडीशी ओढले जाते, दोन खलाशी ते कवचाच्या कडांना धरून वर घेतात, तिसरा मोबाइल धरून उभा राहतो, आणि तांडेल सुरीने पायाभोवतीचे आस एकेक कापत जातो. नायलॉनचा धागा कातडीत रुतलेला असतो, त्यामुळे सुरीचे पाते आत घालून बाहेरच्या बाजूला ओढावे लागते, नाही तर पायच कापला जातो. कधी कासवाची मान अडकलेली असते आणि मग आधी तेथून सुरुवात करावी लागते. जाळ्याला पडलेले भगदाड पुढे बंदरावर बसून तुणायचे म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी आणि धाग्याचा खर्च, आणि तेवढे दिवस समुद्रात न जाण्याची खोट वेगळी. पूर्वी हा हिशेब मनातल्या मनात होई आणि बऱ्याचदा जाळे वाचवण्यासाठी कासवाचा बळी जाई. आता तोच हिशेब कागदावर येतो. पहिल्या सुमारे तीन वर्षांत अडीचशेहून अधिक प्राण्यांच्या सुटकेची नोंद झाली आणि त्यांत निम्म्याहून अधिक ऑलिव्ह रिडले कासवे होती. हिरवी कासवे आणि बहिरी मुशीही त्यांत होते. हे आकडे एकूण अडकणाऱ्या प्राण्यांचे नव्हेत. पण ज्या विषयावर किनाऱ्यावर मौन होते, त्यावर मच्छीमार स्वतःहून पुरावा देऊ लागला, ही या योजनेची सर्वांत मोठी कमाई मानली पाहिजे.

अर्थात जाळे कापून सोडले म्हणजे कासव वाचलेच असे नाही. पाण्याखाली गुदमरलेले कासव मेल्यासारखे निपचित पडते आणि तसेच पाण्यात टाकले तर बुडून मरते. अशा कासवाला पोटावर ठेवून त्याची मागची बाजू सुमारे अर्धा फूट उंच करायची, म्हणजे फुप्फुसातले पाणी उतरते. अंगावर ओले फडके टाकायचे, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या, सावलीत ठेवायचे आणि काही तासांपासून एक दिवसापर्यंत वाट पाहायची. उताणे करून छातीवर दाब देण्याची पद्धत एके काळी अमेरिकेच्या सरकारी नियमांतही होती. ती अपायकारक असल्याने पुढे वगळली गेली. पावसाळ्यात प्रश्न आणखी वेगळा होतो. वादळात तुटून बेवारस झालेली जाळी प्रवाहाबरोबर फिरतात, त्यांत अडकलेली कासवे जून ते सप्टेंबरच्या दरम्यान पालघर, रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर येऊन पडतात, आणि त्यांचे पुढचे पाय कित्येकदा हाडापर्यंत कापले गेलेले असतात. डहाणू येथील कासव उपचार केंद्रात अशा कासवांवर उपचार होतात. बरी झालेली समुद्रात सोडली जातात, पाय गमावलेली मात्र कायमची टाकीतच राहतात. या जाळ्यांचा कोणी मालक समोर येत नाही, त्यामुळे भरपाईची योजना येथे लागू पडत नाही, आणि तुटलेले जाळे बंदरावर परत आणणाऱ्याला काही मोबदला देण्याची व्यवस्था हाच येथे पुढचा स्वाभाविक टप्पा ठरावा.

सुटका झालेली कासवे कोठे जातात याचेही उत्तर आता अंशतः मिळू लागले आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी कोकणातील पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह-संदेशक बसवले. वेळासच्या मादीचे नाव प्रथमा, आंजर्ल्याच्या मादीचे सावनी. पुढच्या वर्षी गुहागरला संदेशक लावलेली बागेश्री दक्षिणेकडे निघाली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट दिशेचा पुरावा २०२५च्या जानेवारीत मिळाला, जेव्हा गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या एका मादीच्या पायावर २०२१ साली ओडिशात लावलेली धातूची पट्टी आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगळी आहेत, असे तोवर साधारणपणे धरले जात असे. रत्नागिरीच्या तांडेलाने जाळे कापून सोडलेली मादी याच वाटेने कर्नाटक, केरळ, तामिळनाडू आणि श्रीलंकेच्या पाण्यातून जाऊ शकते, आणि महाराष्ट्रातील भरपाईची योजना राज्याच्या सागरी हद्दीपुरतीच आहे.